साथीची विद्या

(संस्थेच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत, वडोदरे येथे दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा 'स्पेनमधला एक गिटारवादक' असे मी सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "काका, आपल्या मंडळींना हे कितपत रुचेल?" त्यांची शंका वाजवी होती. या सभागृहाने पंचाहत्तर वर्षांत कीर्तने ऐकली, नाट्यगीते ऐकली, ख्यालगायन ऐकले. गिटारीचे नाव येथे बहुधा प्रथमच निघत असावे. शिवाय मी काही गिटारवादक नव्हे. मी नोकरीत आयुष्य काढलेला एक हौशी श्रोता आहे. तरीही हा विषय मी हट्टाने निवडला, त्याचे कारण आधीच सांगून टाकतो.

मागल्या वार्षिक सभेत आपल्या संगीतवर्गाविषयी जी चर्चा झाली ती आपल्याला आठवत असेल. वर्गात मुले कमी झाली आहेत. खोली रोज संध्याकाळी दोन तास अडकते. ती भाड्याने दिली तर धर्मार्थ दवाखान्याला तेवढाच हातभार लागेल, असा विचार पुढे आला. विचार वाईट हेतूचा नव्हता. निर्णय पुढील सभेवर ठेवला आहे. त्या दिवशी घरी जाताना माझ्या मनात जो माणूस सारखा येत होता, त्याची हकीगत आज आपल्यापुढे ठेवणार आहे. त्याचे नाव पाको पेन्या.

त्याआधी एक घरची गोष्ट. लहानपणी मी याच शहरात एका सतारियांकडे चार वर्षे जात असे. त्यांचे नाव घेत नाही. ते आज हयात नाहीत, आणि त्यांचा हात खरोखरच गोड होता. परंतु झाल्याचा एक विशिष्ट तुकडा आला की ते भिंतीकडे तोंड करून बसत. बोटे आम्हांला दिसू नयेत, एवढाच हेतू. आम्ही चार मुले मागे बसून त्यांच्या खांद्याची हालचाल पाहत असू. चौथ्या वर्षी मी शिकणे सोडले. वडिलांना कारण सांगितले ते परीक्षेचे. खरे कारण ती भिंत होती. ही भिंत पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवावी.

आता फ्लामेंको म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. स्पेनच्या दक्षिणेस आंदालुसिया नावाचा प्रांत आहे. सेव्हिल, ग्रानादा, काडिझ, कोर्दोबा ही त्यातील गावे. तेथील गाणे, नाच आणि गिटार मिळून जी कला अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आकाराला आली ती फ्लामेंको. जिप्सी लोकांचा तिच्यात मोठा वाटा आहे. ही मंडळी पंधराव्या शतकात स्पेनमध्ये पोहोचली, आणि त्यांच्या मूळ भाषेचे नाते आपल्या उत्तर हिंदुस्थानातील भाषांशी आहे, हे भाषाशास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. एवढ्यावरून आपल्यातील काही उत्साही लोक फ्लामेंको म्हणजे आपलेच संगीत असे ठोकून देतात. तसे म्हणता येणार नाही. त्या कलेत आंदालुसियातील लोकगीते आहेत, अरबी राजवटीच्या खुणा आहेत, आणि तेथील गरिबांच्या दुःखाचा तर फार मोठा अंश आहे. नाते दूरचे आहे. ते दूरचे म्हणूनच मानावे.

या कलेत मूळ स्थान गाण्याचे. गिटारवादकाचे काम साथीचे. आपल्या पेटीवाल्या-तबलजीप्रमाणेच त्याने गायकाच्या एका बाजूस बसायचे, गायकाचा श्वास कोठे संपतो ते ओळखायचे, दोन ओळींमधील जागा भरायची, आणि ओळ सुरू होताच मागे सरायचे. दोन कडव्यांच्या मध्ये त्याला स्वतःचे चार शब्द बोलण्याची मुभा असते. त्या छोट्या सुरेल तुकड्याला 'फालसेता' म्हणतात. नर्तकी असेल तर डोळे तिच्या पायांवर. तिने पायाने इशारा दिला की लय बदलायची, तिने थांबवले की त्याच ठोक्याला थांबायचे. गायकाचा स्वर 'काळी दोन' की 'पांढरी चार' हे पाहून आपली पेटी जशी सूर धरते, तशी गिटारीच्या दांडीवर एक पट्टी आवळून ते स्वर चढवतात. तिला 'सेहिया' म्हणतात. अशी सोय मुळात वादकाच्या सुखासाठी नाही. गायकाच्या गळ्यासाठी आहे.

तालाचे म्हणाल तर आपल्या कानाला त्यात गंमत वाटेल. 'सोलेआ' नावाचा त्यांचा एक भारदस्त प्रकार बारा मात्रांचा आहे. आपला एकतालही बारा मात्रांचा. पण आपण तो दोन-दोनच्या सहा भागांत मोजतो. ते लोक तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर जोर देतात. म्हणजे प्रथम तीन-तीनची ऐसपैस चाल, आणि मग दोन-दोनची लगबग. मोकळे होऊन सोडण्याची जागा बहुधा दहाव्या मात्रेवर येते. आपण पहिल्या मात्रेवर समेची वाट पाहत बसलो तर फसतो. हेच चक्र जलद केले की 'बुलेरिया' होते, आणि तिच्यात भलेभले वाट चुकतात. हा हिशेब कागदावरून शिकता येत नाही. तो टाळ्यांनी शिकतात. तेथे टाळी वाजवणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि मुले गिटारीच्या आधी ती शिकतात.

पेन्या यांचा जन्म १ जून १९४२ रोजी कोर्दोबा येथे झाला. यादवी युद्ध १९३९ साली संपले होते, परंतु त्याच्या मागोमाग आलेली उपासमार संपली नव्हती. नऊ भावंडांत हा सर्वांत धाकटा. अनेक बिऱ्हाडांचा एक वाडा, मध्ये चौक, आणि या मोठ्या कुटुंबाच्या वाट्याला दोन खोल्या. आपल्यापैकी जे चाळीत वाढले त्यांना अधिक सांगावयास नको. अशा घरात खाजगी असे काही नसते. पण गाणेही मग कोणा एकाचे राहत नाही. एका भावाकडे गिटार होती. सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलगा त्याच्याकडून शिकू लागला, आणि बाराव्या वर्षी त्याने पैसे घेऊन वाजवावयास प्रारंभ केला. पेन्या जिप्सी नाहीत. ही कला त्यांना रक्ताने मिळाली नाही, शेजाराने मिळाली.

पुढे सरकारी आश्रयाखालील एका लोकनृत्याच्या पथकाबरोबर त्यांनी स्पेनभर प्रवास केला. नंतर कोस्ता ब्रावा या किनाऱ्यावर, जेथे परदेशी प्रवाशांची गर्दी असते, तेथे नर्तकांच्या साथीला बसले. ही वर्षे चरित्रकाराला दोन ओळींत उरकावीशी वाटतील. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटतात. रोज रात्री नवा गायक, नवी नर्तकी, आणि समोर जेवणारे लोक. आपण आज उत्तम वाजवले की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. शेजारचा गायक निर्धास्त होऊन गायला की नाही, यावरून कळते. हे शिक्षण देणारी दुसरी शाळा नाही.

१९६०च्या दशकाच्या मध्यास ते लंडनला आले. कॉव्हेंट गार्डनमधील एका स्पॅनिश उपाहारगृहात ते वाजवू लागले. इंग्रज श्रोत्यांनी गिटार ऐकली होती, परंतु अशी नव्हे. फ्लामेंकोची गिटार सायप्रसच्या हलक्या लाकडाची, तारा दांडीला अगदी लागून, आवाज कोरडा आणि चटकन विरणारा. बोटे उघडीत सर्व तारांवरून नखांचा जो झोत सोडतात तो 'रास्गेआदो'. अंगठा खाली-वर मारून वाजवण्याची एक रीत आहे. आणि मधूनच लाकडावर बोटाची टिचकी, जणू डग्ग्याचा ठोका. त्यासाठी गिटारीच्या पोटावर मुद्दाम एक पातळ पत्रा चिकटवलेला असतो, नाहीतर लाकूड झिजून जाईल. लोक जेवण विसरून पाहू लागले.

सप्टेंबर १९६७ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गिटारीचा एक जलसा झाला. त्यात नाना तऱ्हेचे वादक होते. त्या काळी तरुणांना वेड लावणारा जिमी हेंड्रिक्स विजेची गिटार घेऊन आला होता, आणि त्याच कार्यक्रमात पंचवीस वर्षांचे पेन्या आपली सायप्रसची गिटार घेऊन बसले. पुढची वाट मोठी झाली. रॉनी स्कॉटचे जाझगृह, रॉयल अल्बर्ट हॉल, ॲमस्टरडॅमचे कॉन्सर्टखेबाऊ, न्यूयॉर्कचे कार्नेगी हॉल, अशा नामांकित रंगमंचांवर ते वाजवून आले. अभिजात गिटारीचे थोर वादक जॉन विल्यम्स यांच्याबरोबर आणि चिलीच्या 'इंती-इयिमानी' या गायकवादकांच्या संचाबरोबर त्यांनी वादन केले. १९९१ साली त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेला फ्लामेंकोचा साज चढवून 'मिसा फ्लामेंका' रचली. १९९७ साली स्पेनच्या राजाने त्यांना नागरी सन्मान दिला. मानसन्मानांची यादी मी येथेच आवरतो.

त्यातील एक गोष्ट मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. एकट्याचे वादन यशस्वी झाल्यावर, १९७० साली, त्यांनी गायक आणि नर्तक यांचा स्वतःचा संच काढला. म्हणजे मधली खुर्ची मिळाल्यावर ते पुन्हा होऊन बाजूच्या खुर्चीवर बसले. आणि १९८७ साली, स्वतःच्या रचना वाजवण्याची पूर्ण मुभा असताना, त्यांनी एक ध्वनिमुद्रिका काढली ती रामोन मोंतोया आणि निन्यो रिकार्दो या दोन पूर्वसूरींच्या रचनांची. मोंतोया हे १८७९ ते १९४९ या काळातले. आंतोनियो चाकोन या महान गायकाच्या साथीला ते बसत, आणि १९३६ साली पॅरिसमध्ये एकल गिटारीच्या मुद्रिका काढून त्यांनी साथीदाराला प्रथमच स्वतंत्र आवाज मिळवून दिला. ज्यांनी वाट पाडली त्यांची पावले आधी नीट गिरवून दाखवायची, हे शिक्षकाचे लक्षण आहे. पेन्या यांच्यातला शिक्षक मला तेथे प्रथम दिसतो.

आता भिंतीकडे येऊ. फ्लामेंकोमध्येही ती होती. ज्याचे पोट चार खास फालसेतांवर चालते, तो त्या दुसऱ्याच्या कानी सहजासहजी पडू देत नाही. त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या घरातील चूल पाहिली म्हणजे दोष देववत नाही. माझ्या सतारियांनाही मी आज दोष देत नाही. त्यांना ठरावीक पगार असता, तर त्यांनी भिंतीकडे तोंड केले असते का, असा प्रश्न मात्र मला म्हातारपणी पडतो. शिवाय फ्लामेंकोचे बहुतेक वादक स्वरलेखन वाचणारे नव्हते. रफाएल मारिन यांनी १९०२ साली गिटारीचे एक शिक्षणपुस्तक छापले होते खरे, तरी विद्या मुख्यत्वे गुडघ्याला गुडघा लावूनच दिली जात होती. बाप किंवा मामा वादक असेल तर मूल शिकले. नसेल तर दाराबाहेर उभे राहिले.

१९८१ साली पेन्या यांनी आपल्या जन्मगावी, कोर्दोबात, एक शिक्षणकेंद्र उघडले. देशोदेशींचे विद्यार्थी तेथे येऊ लागले, आणि त्याच उपक्रमातून कोर्दोबाचा गिटार महोत्सव उभा राहिला, जो आजही दरवर्षी भरतो. त्या महोत्सवाच्या वर्गांत मानोलो सानलुकार यांच्यासारख्या मोठ्या वादकांनीही शिकवले. हे सानलुकार एका पाववाल्याचे चिरंजीव. बापाच्या भट्टीवर काम करीत वाढले, आणि बापाकडूनच गिटार शिकले. २०२२ साली ते निवर्तले. बापाची भट्टी आणि बापाचीच तालीम, असे भाग्य किती जणांना लाभणार? बाकीच्यांसाठी असे वर्ग लागतात.

मग १९८५ साली हॉलंडमधील रॉटरडॅमच्या संगीतमहाविद्यालयात फ्लामेंको गिटारीचा रीतसर अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्याचे अध्यापक म्हणून पेन्या यांची नेमणूक झाली. पदवीपर्यंत नेणारा असा अभ्यासक्रम जगात त्यापूर्वी नव्हता. ज्या वाड्यात दोन खोल्यांत अकरा माणसे राहत, तेथील विद्या उत्तरेकडील एका बंदराच्या गावी, वेळापत्रक आणि परीक्षा असलेल्या इमारतीत जाऊन बसली. पुढे खुद्द कोर्दोबाच्या संगीतमहाविद्यालयातही फ्लामेंको गिटार हा अभ्यासाचा विषय झाला. २०१० साली युनेस्कोने फ्लामेंकोची मानवजातीच्या अमूर्त वारशात गणना केली.

येथे कोणी जाणता श्रोता विचारील, की महाविद्यालयात ही कला वाळून जात नाही काय? धोका आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. वर्गात मूल एकटे बसते, समोर कागद असतो, आणि परीक्षकाला ऐकवायचा तो तुकडा घोटला जातो. बोटे तयार होतात; शेजारच्याचा श्वास ऐकू येत नाही. असा वादक बुलेरियाच्या बारा मात्रांत गायकाला सोडून पुढे निघून जातो. म्हणून या विषयाच्या चांगल्या शिक्षणात टाळ्या, गायकाची साथ आणि नर्तकाची साथ यांना मानाचे पान असावे लागते. एकट्याचे वादन नंतर येते. पेन्या यांचे स्वतःचे आयुष्य त्याच क्रमाने गेले: आधी वाड्यातला चौक, मग पथक, मग उपाहारगृह, मग रंगमंच, आणि अखेर वर्ग. मोठेपणी ते मोठ्या सभागृहांत एकटे बसून वाजवीत, तेव्हाही कोणा न दिसणाऱ्या गायकाला जागा सोडून वाजवीत आहेत असे मला ऐकताना वाटते. हे माझ्या कानाचे मत आहे. आपण ऐकून पाहावे.

आपल्या वडोदऱ्याला यातले काही नवीन नाही. १८८६ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्षांनी येथे गायनशाळा सुरू केली, आणि घराण्याबाहेरची मुले सरकारी इमारतीत येऊन गाणे शिकू लागली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपीही सिद्ध केली होती. ती शाळा आज विद्यापीठाचा विभाग आहे. रॉटरडॅमच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी या शहराने भिंतीत दार पाडले होते. आणि आपल्या संस्थेच्या संस्थापकांनी, दोन पेट्या आणि एक तबल्याची जोडी घेऊन जो वर्ग काढला, तो त्याच दाराशी ठेवलेली एक पणती होय.

आता पुढल्या सभेपुरते माझे म्हणणे. दवाखाना हवाच, त्याविषयी दुमत नाही. औषधाने वाचलेला माणूस दिसतो, म्हणून त्याचा हिशेब मांडता येतो. संगीतवर्गाने कोण वाचला ते पंचवीस वर्षे दिसत नाही. कोर्दोबातील त्या नवव्या मुलाच्या घरात गिटार नसती, तर काय झाले असते, हे कोणत्या जमाखर्चात मांडणार? आपल्या वर्गात आज सात मुले आहेत. त्यांतील तिघांच्या घरी कोणतेही वाद्य नाही, हे मी त्यांना विचारून घेतले आहे. खोली गेली तर उरलेल्या चौघांची सोय होईल. या तिघांची होणार नाही.

परंतु वर्ग आहे तसाच ठेवावा, असेही मी म्हणत नाही. मुले कमी झाली यात आपलाही दोष आहे. आपण त्यांना एकेकटे बसवून परीक्षेचे कायदे आणि रेले घोटवतो. माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, दर शनिवारी वर्गात एखादा गाणारा यावा. भजनी मंडळातील आपल्या भगिनी आल्या तरी उत्तम. पेटीच्या आणि तबल्याच्या मुलांनी त्यांची साथ करावी, चुकावे, पुन्हा धरावे. दुसरी, गुरुजींना मिळणारे मानधन मुलांच्या संख्येवर अवलंबून ठेवू नये. ते ठरावीक असावे, म्हणजे भिंतीकडे तोंड करण्याची पाळी कोणावर येणार नाही. तिसरी, संस्थेच्या प्रत्येक उत्सवात बाहेरचे साथीदार बोलावण्यापूर्वी आपल्या मुलांना विचारावे. या तीन गोष्टींना खर्च थोडा आहे, आणि पहिल्या वर्षाच्या ठरावीक मानधनातील तूट मी व माझे दोन स्नेही मिळून भरून काढू, असे लेखी पत्र मी अध्यक्षांच्या हाती आजच देत आहे.

पाको पेन्या यांची एखादी ध्वनिमुद्रिका आपण जरूर ऐकावी. प्रथम त्या बोटांचा वेग कानांत भरेल. दुसऱ्यांदा ऐकताना गायक असेल तेथे गिटार कशी हलकेच मागे सरते तिकडे लक्ष द्यावे. नंतर एखाद्या शनिवारी आपल्या वर्गात डोकावावे. तेथे सात मुले आहेत, आणि साथीला कोणीतरी गाणारे हवे आहे.